सात रस्त्यावरचा निळा ठिपका

माझ्या भाचीच्या लग्नाची सुपारी मी फोडली. तो मान तिच्या वडिलांचा होता. ते हयात होते, शुद्धीत होते, दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्याच घराच्या जिन्यात उभे होते, आणि मी त्यांना तिथूनच माघारी पाठवलं. ते पुन्हा दारू प्यायला लागलेत याचा पुरावा आपल्याकडे आहे असं मला वाटत होतं. पुरावा म्हणजे माझ्या मोबाईलच्या नकाशावरचा एक निळा ठिपका. चूक माझी होती. हे एवढं साधं वाक्य तोंडातून निघायला मला फार वेळ लागला, आणि मधल्या काळात मी दिसेल त्याच्यावर चिडत राहिलो.

भाचीचे वडील म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो, बहिणीला अक्का. दाजी एका मंगल कार्यालयात वायरमन आहेत. दुसऱ्यांच्या लग्नातल्या माळा लावायच्या, जनरेटर सांभाळायचा, आणि कार्य उरकलं की मागच्या बाजूला कुणीतरी बाटली पुढे करायचं. असं पुष्कळ वर्षं चाललं. अक्कानं काय काय सोसलं ते इथं लिहीत नाही. ती सोसत होती तेव्हा मी समजुतीचे चार शब्द बोलून, चहा पिऊन, स्कूटर काढून घरी यायचो, हे मात्र लिहितो.

मग एका उन्हाळ्यात दाजींनी दारू सोडली. कुठल्या केंद्रात गेले नाहीत, माळ घातली नाही, शपथ घेतली नाही. का सोडली विचारलं तर म्हणायचे, "कंटाळा आला मास्तर. रोज तेच."

मी मास्तर. सोलापुरात एका हायस्कुलात भूगोल शिकवतो.

दाजींचा खरा त्रास संध्याकाळचा होता. काम नसलेल्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला त्यांना घरात बसवेना. म्हणून ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका जुन्या दोस्ताच्या शेडवर जाऊ लागले. दोस्त पंपांच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचा. जुनी जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वर वार्निश ओतायचं. हात गुंतलेले राहतात आणि ती वेळ निघून जाते, असं दाजींचं म्हणणं. अक्काचा विश्वास बसत नव्हता. इतकी वर्षं तिनं "कामावर होतो", "दोस्ताकडं होतो" हेच ऐकलेलं.

भाऊबीजेला मी ओवाळून घ्यायला गेलो तेव्हा ती ताट हातात घेऊनच म्हणाली, "तू जरा बघ की रे ह्यांच्याकडं. शेडवर जातो म्हणत्यात. मला हितनं काय दिसतंय?"

दाजी पलंगावर करंजी खात बसले होते. त्यांनी खिशातला फोन काढून माझ्यापुढे धरला. "घे मास्तर. तुज्या भाषेत नकाशा का काय असतंय, ते लाव ह्यात. कुटं हाय, कुटं न्हाय, दिसू दे. तुज्या अक्काला झोप लागली म्हंजे झालं."

किती सहज दिला त्यांनी फोन. लपवायचं असतं त्यानं दिला असता का, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला नाही. मी त्यांच्या फोनमधून त्यांचं ठिकाण माझ्या फोनवर दिसेल अशी सोय केली. अक्काला स्मार्टफोन जमत नाही, म्हणून पाहायची जबाबदारी माझी.

सुरुवातीला मी दिवसातून एकदा पाहायचो. मग स्टाफरूममध्ये डबा खाताना, वर्गात मुलं उत्तरं लिहीत असताना, जेवताना. खरं सांगायचं तर मला त्याची गोडी लागली. घरबसल्या एका माणसाची पूर्ण हालचाल तळहातावर दिसते, आणि ते आपण कर्तव्य म्हणून पाहतोय असं स्वतःला सांगता येतं. बायको म्हणायची, "तुमचं लग्न दाजींशी लावून द्यायला हवं होतं." मी हसायचो नाही. मला ते काम गंभीर वाटत होतं.

दिवाळी होऊन महिना झाला असेल, एका संध्याकाळी ठिपका सात रस्त्याच्या चौकात दिसला. आधी तो अक्कलकोट रोडवरून एमआयडीसीकडे सरकत होता. मी भाजीत मीठ कमी आहे की काय ते बोलायला मान वर केली, परत खाली पाहिलं तर ठिपका सात रस्त्याजवळ, एका बारच्या बरोबर डोक्यावर. मधला रस्ता त्यानं कापलाच नव्हता. इथून उडाला, तिथं बसला. स्कूटरवरचा माणूस असं करू शकत नाही. मी मुलांना अंतर, वेळ आणि नकाशाचं प्रमाण शिकवतो. तरी मी मनाशी म्हटलं, नेट अडकलं असेल, मधलं दाखवायचं राहिलं असेल.

मी फोन लावला. दाजींनी उचलला नाही. पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं उचलला.

"कुठं आहात दाजी?"

"शेडवर हाय की."

"शेडवर?"

"मग कुटं? तारेचे वेढे मोजीत हुतो, म्हनून उचलला न्हाय. मोजणी चुकली की सगळं उसवावं लागतंय. का रं, काय काम हुतं?"

"काही नाही, सहज."

त्यांचा आवाज स्वच्छ होता. जीभ जड नव्हती. मी ऐकलं ते, आणि सोडून दिलं. कारण माझ्या हातात ठिपका होता, आणि त्याच्याभोवतीचं फिकं वर्तुळ एवढंसं होतं. रस्त्यावर असताना ते वर्तुळ कधी मोठं व्हायचं, कधी लहान. बारवर आलं की आकसून नीटनेटकं व्हायचं, जणू फोन म्हणत होता, इथंच, शंका नको.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा तसंच होऊ लागलं. ठिपका एमआयडीसीत शिरायचा आणि उडून बारवर जाऊन बसायचा. दाजी म्हणायचे शेडवर. मी दरवेळी "बरं" म्हणायचो आणि मनात त्यांच्या खोटेपणाची नोंद करायचो.

बार पाहून यायला मला काय अडचण होती? सात रस्त्यावरून तर मी रोज शाळेत जातो. अडचण एवढीच की दारातून आत डोकावायचं म्हणजे कुणीतरी पाहणार. एखादा पालक, एखादा माजी विद्यार्थी. उद्या शाळेत बोलणं. एकदा मी समोरच्या रसाच्या दुकानात उभा राहिलो. एक ग्लास रस घेतला, संपवला, दुसरा घेतला. फोनवर ठिपका आत होता. दाजींची स्कूटर बाहेर नव्हती, दाजी आत जाताना दिसले नाहीत, बाहेर येतानाही नाहीत. मी ठरवलं, मागच्या बाजूला दार असणार. शेडवर जाऊन पाहावं हे तर डोक्यातच आलं नाही. जिथं तो माणूस नाहीच, तिथं जायचं कशाला?

मग मी अक्काला सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. गॅस असला तरी भाकरीला तिला चूल लागते. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "वास येत न्हाय रे पण."

"कपड्यांना येतो म्हणालीस ना तू?"

"त्यो वार्निशचा. शेडवरचा. मी वळखते की. एवढी वर्षं दुसरा वास घेतलाय मी, मला फरक कळत न्हाय व्हय?"

"अक्का, इतकी वर्षं तुला फसवलंय त्यांनी. आता वासानं फसवतायत."

हे मी म्हटलं. तिचं नाक, तिची अनुभवाची वर्षं, सगळं एका वाक्यात खोडून टाकलं. तिनं भाकरी उलटलीच नाही. भाकरी करपली.

भाचीला पंढरपूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, मुलीलाही पसंत. बैठक आमच्या घरी ठेवली, कारण अक्काचं घर लहान आणि मी मामा. बैठकीत देणं-घेणं बोलून झालं की मुलीचे वडील आणि मुलाचे वडील समोरासमोर बसतात, सुपारी फुटते, मग शब्द पक्का. आदल्या संध्याकाळी ठिपका पुन्हा बारवर. उद्या लेकीची बैठक आणि आज हा माणूस तिथं बसलाय! मला रात्रभर राग आवरेना.

सकाळी मी गॅलरीतून पाहत होतो. दाजी आले तसा मी खाली गेलो आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांना गाठलं. शर्टावर इस्त्रीची घडी, कपाळाला बुक्का, हातात पेढ्यांचा पुडा.

"दाजी, आज तुम्ही वर येऊ नका."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली. "का रं? पावण्यांनी मुलगा बदलला का?"

मी फोन पुढे धरला. आदल्या संध्याकाळचा ठिपका मी स्क्रीनशॉट काढून जपून ठेवला होता. "काल कुठं होतात?"

"शेडवर."

"मग हे काय आहे?"

त्यांनी चष्मा काढला, फोन जवळ घेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. मग चष्मा परत घातला. "मला ह्यातलं कळत न्हाय. मी शेडवर हुतो."

"दाजी, मुलीकडं बघा. त्या लोकांसमोर काही झालं तर?"

"काय हुईल? प्यालोय का मी?" आणि त्यांनी तोंड पुढे केलं. "घे, वास घे. घे की."

वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांचं दार उघडं होतं. मी मागे सरलो. एक श्वास घेतला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी मागे सरलो.

दाजींनी पेढ्यांचा पुडा कठड्यावर ठेवला. "बरं. तुमी शिकलेली मानसं हाय. तुमीच उरका." मला ते नेहमी तू म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा तुमी म्हणाले आणि जिना उतरून गेले.

वर मी सांगितलं, दाजींना ताप आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप अर्धं झालं असतं. पण मला प्रामाणिकपणाची खाज. मुलाच्या थोरल्या चुलत्यांना, त्या घरात त्यांचाच शब्द चालतो, मी गॅलरीत बाजूला नेलं आणि म्हटलं की नंतर बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, मुलीचे वडील पुन्हा प्यायला लागलेत. चुलते भले माणूस. त्यांनी मान हलवली, म्हणाले मुलीचा काय दोष, सोयरीक आम्ही मोडत नाही. "फक्त एक करा. मांडवात ते नकोत. कन्यादान तुम्ही आणि तुमच्या मंडळींनी करा. आमच्याकडं वडीलधारी लई येणार, उगंच तमाशा नको."

मी हो म्हटलं. मग मुलाच्या वडिलांसमोर बसून सुपारी फोडली. माझ्या हातून ती एका घावात फुटली, आणि सगळ्यांनी कौतुक केलं.

दाजी त्या दिवसापासून घरी गेले नाहीत. कामावर जायचे, तिथून शेडवर, रात्री तिथंच झोपायचे, असं दोस्तानं अक्काला कळवलं; मला हवा तो पुरावा मिळाला होता, ठिपका पाहायचं मी सोडलं होतं. अक्का फोन करायची, ते म्हणायचे, "तुज्या भावाला इच्यार मी कुटं हाय ते." भाची माझ्याशी बोलायची बंद झाली. बाप येणार नसेल तर मी शालूच निवडत नाही, असं तिनं आईला सांगितलं. पत्रिका छापायला टाकायच्या होत्या. तेव्हा मी ठरवलं की मोठ्या मनानं आपणच जावं, दाजींना समजवावं, झालं गेलं विसरून घरी आणावं. हो, मी त्यांना माफ करायला निघालो होतो.

शेड मी पहिल्यांदाच पाहिली. दोन बंद गोदामांच्या मधल्या बोळात, वर पत्रा, बाजूला पत्रा, पुढं लोखंडी शटर. आत तांब्याच्या तारेची रिळं, पंपांची उघडी पोटं, आणि तो वास. गोडसर, नाकात चढणारा, स्पिरिटसारखा. मी दारातच थांबलो. दाजी एका मोटारीवर वाकून तार गुंडाळत होते. वर पाहिलं नाही. त्यांचा दोस्त, जाडसर, गळ्यात टॉवेल, म्हणाला, "बसा सर. ते मोजत्यात, आत्ता बोलणार न्हाईत."

मी पाटासारख्या एका बुटक्या स्टुलावर बसलो. काय काय बोलायचं ते जुळवत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन.

"कुठं आहात?"

"शेडवर. दाजींकडं."

"शेडवर?" तिनं तिचा नकाशा उघडला असावा. आमच्या घरात सगळ्यांचेच फोन एकमेकांना दिसतात. ती सोयही मीच केलेली. "अहो, तुम्ही तर सात रस्त्यावर दिसताय."

"काहीतरीच काय."

"त्या बारमध्ये दिसताय. बरोबर वर. दाजींना समजवायला गेलात का सोबत द्यायला?"

"अगं मी शेडवर आहे!"

"मग हे काय आहे?"

माझेच शब्द. माझ्याच सुरात. "अगं खरंच शेडवर आहे, देवाशपथ!" मी ओरडलो. पत्र्याची शेड, आवाज घुमला. दाजींचे हात थांबले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बायको पलीकडून म्हणत होती, "बरं, बरं, ओरडता कशाला? खरं असेल तर ओरडायला काय झालं?"

मी फोन बंद केला आणि नकाशा उघडला. मी, भूगोलाचा शिक्षक, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये स्टुलावर बसलेलो, आणि माझा ठिपका सात रस्त्याच्या बारवर. भोवतीचं वर्तुळ एवढंसं, नीटनेटकं.

मी दोस्ताला विचारलं, इथं वायफाय आहे का. त्यानं शटरच्या वर बोट दाखवलं. धुळीनं माखलेला, दोन शिंगांचा काळा डबा, बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. "हाय की. सात रस्त्याला त्यो बार न्हाय का, त्यांची बोअरची मोटार आपल्याकडंच असती. त्यांनी नवीन नेट घेतलं, ह्यो डबा फडताळात पडला हुता. म्हनलं द्या, माज्या शेडला लावतो. दिवाळी झाल्यावर आणला. का, पायजे का तुमाला?"

मला पुढचं कळायला जरा वेळ लागला, आणि शाळेतल्या संगणकाच्या सरांनी दुसऱ्या दिवशी ते नीट समजावलं. पत्र्याखाली उपग्रहाचा इशारा पोचत नाही. मग फोन कान टवकारतो, आजूबाजूला कुठले वायफायचे डबे बोलतायत ते ऐकतो. प्रत्येक डब्याचा आपला एक क्रमांक असतो, आणि कुठला डबा कुठं असतो याची मोठी आठवण नकाशाच्या कंपनीकडे साठवलेली असते. हा डबा वर्षानुवर्षं बारमध्ये होता. त्या आठवणीत तो अजून बारमध्येच होता. संध्याकाळी गोदामं बंद, ऐकू यायला दुसरा डबा नाही. फोननं एकच ओळखीचा आवाज ऐकला आणि म्हटलं, म्हणजे आपण बारमध्ये. "सर, तो अंदाज असतो," संगणकाचे सर म्हणाले. "नेहमी अंदाजच असतो. फक्त दिसतो ठाम."

त्या संध्याकाळी शेडमध्ये मात्र मला एवढंच कळलं की डबा बारचा आहे, आणि दाजी खरं बोलत होते. मी उठून त्यांच्यापाशी गेलो. घाईघाईनं सांगू लागलो. हा डबा तिकडचा, म्हणून फोन तिकडचं दाखवतो, माझाही ठिपका बघा तिकडंच आहे, म्हणजे हे असं झालं, म्हणजे यात कुणाचा...

दाजी ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे चूक डब्याची?"

"हो. म्हणजे... हो."

"मग डब्याला माफी मागायला लावा. तुमी कशाला आलाय?"

दोस्त हसायला लागला आणि दाजींच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. मी अजून एकदा प्रयत्न केला. दाजींनी तारेचं टोक हातात घेतलं. "मोजणी चुकली माजी," ते म्हणाले आणि आत्तापर्यंत गुंडाळलेली सगळी तार उसवायला बसले. मी स्कूटर काढली.

घरी येताना मला राग आवरत नव्हता, आणि तो कुणावर धरावा ते सापडत नव्हतं. मी फोनवरून नकाशाच्या कंपनीला तक्रार लिहिली, सगळी हकीकत लिहिली. उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. बारचा मालक, शेडचा दोस्त, पत्रा, सगळ्यांवर मी घरात बसून चडफडलो. मला माहीत नाही, असं म्हणायची त्या यंत्राला काय लाज वाटते, असं मी बायकोला म्हटलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुम्हाला तरी कुठं म्हणता येतं?"

अक्काकडे गेलो. डब्याची हकीकत सांगितली. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "मी म्हनलं हुतं वास वार्निशचा हाय." आणि मग, "मी का ऐकलं रे तुजं?" ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. भाची आतल्या खोलीतून म्हणाली, "मामा, डब्याचं आम्हाला नका सांगू. पंढरपूरला काय सांगितलंय तुम्ही, ते निस्तरा."

तिला माहीत होतं. चुलत्यांनी अट घातली ती मुलाकडून तिच्यापर्यंत पोचली होती. लग्न जवळ आलं होतं आणि तिचा बाप मांडवात नको होता, माझ्या सांगण्यावरून.

मी चुलत्यांना फोन करायचं ठरवलं. नंबर काढला आणि ठेवला. फोनवर मी पुन्हा डब्याचंच बोललो असतो. असे कितीतरी दिवस गेले. शाळेत नकाशा टांगला की मला बोलता येईना. मुलांना वाटलं, सरांचा घसा बसलाय.

बस्ता बांधायला पंढरपूरची मंडळी सोलापूरला आली. कापडाच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, गाद्यांवर दोन्हीकडची माणसं बसली होती. बैठकीला जी होती तीच सगळी. भाचीनं स्वतः शेडवर जाऊन दाजींना आणलं होतं. ते अंग चोरून अगदी कडेला, चपला काढतात तिथं बसले होते. चुलत्यांनी त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुकानदाराचा माणूस शालू उलगडत होता, बायका पदर बघत होत्या. मी उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं मी चहा सांगतोय.

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "बैठकीच्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं की दाजींना ताप आहे. तो नव्हता. ते खाली जिन्यापर्यंत आले होते. मी त्यांना परत पाठवलं." मी चुलत्यांकडे वळलो. "आणि तुम्हाला बाजूला घेऊन जे सांगितलं, तेही खोटं आहे. त्यांनी दारू सोडल्यापासून घेतलेली नाही."

शालू उलगडणारे हात थांबले. चुलते अवघडून म्हणाले, "अहो सर, हुतंय कवाकवा. गैरसमज झाला म्हणा."

त्यांनी मला वाट करून दिली होती. डब्याची सगळी हकीकत माझ्या जिभेवर तयार होती. ती सांगितली असती तर सगळे अचंबित झाले असते, यंत्राला नावं ठेवली असती, चहा आला असता.

"गैरसमज नाही," मी म्हटलं. "मला दोघांनी सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं, माझ्या बहिणीनं सांगितलं. मी दोघांचंही ऐकलं नाही."

चुलत्यांनी दाजींकडे नीट पाहिलं. मग टोपी सारखी करत म्हणाले, "मग आमचं ते मांडवाचं बोलणं आमी मागं घेतलं. बाप असताना दुसरं कोण उभं राहील?"

अक्कानं तोंडाला पदर लावला. काम झालं होतं. मी खाली बसू शकलो असतो. पण दाजी चपलांपाशी तसेच बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, माझ्याकडे न पाहता. मी गाद्या ओलांडून त्यांच्यापर्यंत गेलो आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसलो.

"दाजी, तुम्ही शेडवर आहे म्हणालात. मी विश्वास ठेवला नाही. तुम्ही वास घे म्हणालात, तर मी मागे सरलो. लेकीच्या बैठकीला आलात तर मी तुम्हाला जिन्यातूनच हाकललं आणि तुमच्या जागेवर बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."